पाहुणीचा व्हिडिओ

धाकटी आधी लग्नाचे व्हिडिओ करायची. नवरीच्या आईचा बांध कधी फुटणार हे तिला त्या आईच्याही आधी कळायचं, आणि कॅमेरा घेऊन ती नेमकी समोर हजर असायची. "माणसं रडवण्यात तू पटाईत आहेस," असं थोरली बहीण तिला चिडवायची. मग एक दिवस थोरलीच म्हणाली, "आता माझ्यासाठी रडव थोडी."

थोरलीची संस्था होती. रस्त्यावर भटकणारी, स्वतःचं नावगाव विसरलेली माणसं आणायची, न्हाऊमाखू घालायची, औषधपाणी करायचं आणि घर सापडलं तर घरी पोचवायचं, हे तिचं काम. काम डोंगराएवढं आणि जागा म्हणजे एका बंद पडलेल्या गोदामाचा तळमजला. तिथे सगळेच तिला ताई म्हणत. स्वयंपाकघरातल्या, वयानं तिच्या आईएवढ्या बाईसुद्धा. धाकटीला मात्र कुणी कधी नावानं हाक मारली नाही. ती आली ती ताईंची धाकटी म्हणून, आणि धाकटीच राहिली.

ती येण्याआधी संस्थेच्या पेजवर नुसता शुकशुकाट होता. थोरली अधूनमधून एखादा फोटो टाकायची: भिंतीपुढे ओळीनं उभी केलेली माणसं, त्यातल्या निम्म्यांचे डोळे मिटलेले. त्यावर एखाद्या लांबच्या मावशीचा अंगठा, बास. धाकटीनं ते सगळं मोडीत काढलं. ती एका वेळी एकच माणूस घ्यायची. आधी तो सापडला तेव्हाचा, जटा झालेल्या केसांचा. मग दाढी करून आरशात स्वतःकडे टकमका बघणारा. आणि शेवटी दारात उभी असलेली त्याची बहीण, नाहीतर म्हातारी आई. खाली हळू आवाजात पियानो. हा शेवटचा तुकडा असला की लोक तुटून पडायचे. ब्लँकेटं यायची, औषधं यायची, सुट्टीच्या दिवशी मदतीला कॉलेजची पोरं यायची. थोरली म्हणायची, "वर्षानुवर्षं मी दारोदार फिरले तेव्हा कुणी हिंग लावून विचारलं नाही. तू एक वाजंत्री लावलीस आणि जग जागं झालं!"

त्यातच गोदामाच्या मालकानं जागा सोडायला सांगितली. आणि नेमकी तेव्हाच एका बड्या कंपनीनं स्पर्धा काढली: लोकांच्या पसंतीची संस्था. ज्या संस्थेला सगळ्यात जास्त मतं, तिला गावाबाहेरची एक अख्खी इमारत वापरायला मिळणार. थोरली ती इमारत दुरून पाहून आली होती. खिडक्या मोजल्या नाहीत, म्हणाली, पण प्रत्येकाला एक येईल. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. जेवतानाही फोन ताटाशेजारी, आणि घासाघासाला मतांचा आकडा.

त्या दिवसांत संस्थेत एक बाई होती. बसस्थानकामागच्या नाल्याजवळ पडलेली सापडली होती. उजव्या कानामागे जुन्या जखमेचा वण, अंगात पुरुषाचा सदरा. बोलायची नाही. नाव विचारलं की जमिनीकडे बघायची. खोलीत असली तर पाठ भिंतीला लावूनच बसायची, दाराकडे पाठ कधी नाही. स्वयंपाकघरातल्या बाई म्हणाल्या, "असू दे, पाहुणी आहे आपली," आणि तेच नाव पडलं.

पाहुणी धुलाईच्या खोलीत रमली. वाळलेल्या चादरींचा ढीग आला की ती एकेक चादर उचलायची, कोपऱ्याला कोपरा जुळवायची, हातानं दाबून सुरकुती काढायची. दुसरं टोक धरायला धाकटी जायची. दोघी समोरासमोर, मध्ये ताणलेली चादर, आणि घडी घालता घालता दोघी जवळ यायच्या, पुन्हा लांब व्हायच्या. एकदा घडी घालताना पाहुणी काहीतरी गुणगुणली. गाणं नव्हतं, मूल निजवताना बाई नुसता नाकातून सूर धरते, तसं काहीतरी. धाकटीच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी तिनं कपाटावर कॅमेरा ठेवला.

त्या व्हिडिओला पियानो लावायचीही गरज पडली नाही. 'हिला ओळखता का?' एवढंच वर लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत तो कुठच्या कुठे पोचला. लोक तिला 'चादरीवाली' म्हणू लागले. कुणी वणावरून अंदाज बांधत होतं, कुणी सुरावरून. कुणी तिचा चेहरा मोठा करून जुन्या फोटोंशी ताडून बघत होतं. अनोळखी माणसं आपापलं काम सोडून एका बाईचं घर शोधत होती. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ," ती म्हणाली, "अजून माणुसकी आहे."

डॉक्टरबाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

"घर हरवलेलं माणूस वेगळं आणि घरातून निघालेलं माणूस वेगळं," त्या म्हणाल्या. "ही कुठली, ते अजून आपल्याला माहीत नाही. चेहरा दाखवायची घाई केलीत."

"पण तिची कुणीतरी वाट बघत असेल की," थोरली म्हणाली.

"असेल. म्हणूनच म्हणते."

वाट बघणारा चार दिवसांतच दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात एक पिशवी. दारात चपला काढून आत आला आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. तिचा नवरा. फोटो दाखवले: दोघं एका बागेत, दोघं एका दुकानापुढे. पाहुणीच होती, शंका नाही. कागदपत्रं बरोबर होती. पिशवीत तिचे दोन जोड कपडे होते, धुऊन घडी केलेले.

"घडी तिच्यासारखी जमत नाही मला," तो ओशाळून हसला.

"मुलंबाळं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही हो. तेवढं सुख नव्हतं नशिबात. त्यातूनच तिचं डोकं असं झालं."

धाकटी पाहुणीला बोलवायला गेली. धुलाईच्या खोलीत ती नव्हती. शोधाशोध केली तेव्हा न्हाणीघरात सापडली, दार आतून लावून बसलेली. किती हाका मारल्या, दार उघडेना. नवऱ्यानं बाहेरूनच, अगदी मऊ आवाजात म्हटलं, "मी आलोय गं." आत बादली सांडल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही.

डॉक्टरबाईंनी साफ सांगितलं: ती बोलेपर्यंत किंवा तिला भीती कसली वाटते ते कळेपर्यंत पाठवायचं नाही. नवरा तक्रारीचा एक शब्द बोलला नाही. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला, पुन्हा वाकून नमस्कार केला आणि चपला घालून निघून गेला.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मात्र आवाज न चढवता केलं. पाहुणीच्या व्हिडिओखाली त्यानं लिहिलं: 'ही माझी पत्नी आहे. मी भेटायला गेलो होतो. संस्थेने मला तिचं तोंडही पाहू दिलं नाही. का, ते त्यांनाच माहीत. मी गरीब माणूस आहे, मी काय करणार?' सोबत बागेतला फोटो.

काल कौतुक करून थकत नव्हते तेच लोक उलटले. माणसं डांबून ठेवतात, त्यांच्या नावावर मदत गोळा करतात, इथपासून सुरुवात झाली आणि कुठल्या कुठे गेली. कुणी गोदामाच्या दाराचा फोटो टाकला. कुणी थोरलीच्या घराचा रस्ता लिहिला. मतांचा आकडा, जो वर चढत होता, तो जागच्या जागी थिजला आणि दुसरी एक संस्था पुढे सरकली. थोरली दिवसभर फोनवर माफी मागत होती. रस्त्यावर दोन पोरं तिला बघून थांबली आणि त्यातल्या एकानं फोन तिच्या तोंडासमोर धरला, "बोला ना ताई, का नाही भेटवत?" घरी येऊन तिनं दाराच्या दोन्ही कड्या लावल्या.

"हे आधी बंद कर," तिनं धाकटीला सांगितलं.

बंद करण्याची सोय होती. काही शब्द आधीच देऊन ठेवले की ते शब्द असलेली प्रत्येक प्रतिक्रिया आपोआप लपते. लिहिणाऱ्याला दिसते, बाकी कुणाला नाही. धाकटीनं शिव्या टाकल्या. मग चोर, खोटं, पोलीस, मारतो, डांबून असे शब्द टाकले. क्षणात पेज स्वच्छ झालं, पाऊस पडून गेलेल्या रस्त्यासारखं. दोघींनी सुस्कारा सोडला.

"आणि त्याला बोलाव," थोरली म्हणाली. "पाठवून देऊ तिला."

"डॉक्टरबाई नको म्हणाल्या ना?"

"डॉक्टरबाई दोन दिवस येतात. बाकीचे दिवस मी असते. नवरा आहे तो तिचा, कागद आहेत. ही एक बाई धरून बसले तर उद्या सगळ्यांना घेऊन कुठे जाऊ? फूटपाथवर?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि नीट शूट कर. लोकांना दिसू दे."

धाकटीनं माइक चार्जिंगला लावला. खरं सांगायचं तर तिलाही तो व्हिडिओ हवा होता. लोकांचं ते बोलणं तिच्याही जिव्हारी लागलं होतं.

भेट अंगणात ठरली, सकाळच्या कोवळ्या उन्हात, कारण त्या उजेडात चेहरे चांगले येतात. कॉलेजची पोरं जमली. नवऱ्याच्या कॉलरला धाकटीनं छोटा माइक लावला. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. स्वयंपाकघरातल्या बाईंनी पाहुणीला हाताला धरून आणलं. ती एकेक पाऊल टाकत होती. मग तिला तो दिसला आणि ती थांबली. धाकटीनं कॅमेऱ्यातून पाहिलं: पाहुणीचा चेहरा एकदम कोरा झाला. नवरा पुढे गेला, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले, कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणीचे ओठ हलले. त्याचेही हलले. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. पाहुणी त्याला मागे टाकून तरातरा फाटकाकडे निघाली. स्वतःच गाडीचं दार उघडलं, स्वतःच आत बसली आणि समोर बघत राहिली. जणू उशीर झाला होता.

"बघा!" थोरली रडत रडत हसली. "बघा, कशी निघाली घराकडे!"

दुपारी धाकटी व्हिडिओ जुळवायला बसली. टाळ्यांचा आवाज कमी करण्यासाठी तिनं कॉलरच्या माइकचा आवाज वेगळा काढला आणि कानांत घातला. आधी कापडाची सळसळ. मग एक बारीक, गंजलेला आवाज. इतक्या महिन्यांत तो कुणी ऐकला नव्हता.

"छकू कुठंय?"

मग त्याचा आवाज, ओठ न हलवता बोलावं तसा. "घरी. हसत चल."

तिनं ते पुन्हा ऐकलं. मग थोरलीला बोलावून तिच्या कानांत घातलं.

"छकू कोण?" धाकटीनं विचारलं. "त्याला मूल नाही ना?"

थोरलीचाही चेहरा उतरला. तिनं लगेच फोन लावला, आवाज मोठा ठेवून. नवऱ्यानं पहिल्या घंटीला उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "छकू? अहो, मांजर आमची. पांढरी. हिचा भारी जीव तिच्यावर. घरी आल्यापासून तिलाच मांडीवर घेऊन बसलीय. थांबा, फोटो पाठवतो."

फोटो आलाही. पांढरी, गुबगुबीत मांजर, उन्हात डोळे मिटून भिंतीवर बसलेली.

"आणि ते 'हसत चल'?" धाकटी म्हणाली.

"कॅमेरा समोर असला की तू काय म्हणतेस सगळ्यांना? 'हसा थोडं' असंच ना?" थोरलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "शंका काढायची तर कशातूनही निघते, छोटे. आज संध्याकाळी मतदान संपतंय."

धाकटीनं तो आवाज काढून टाकला आणि तिथे पियानो भरला. शेवटी मांजराचा फोटो जोडला आणि लिहिलं: 'घरी तिची छकू वाट बघतेय.' लोक वेडे झाले. पाहुणीपेक्षा मांजराचं कौतुक जास्त. संध्याकाळी निकाल लागला आणि इमारत थोरलीच्या संस्थेला मिळाली. अंगणात सगळे नाचले. डॉक्टरबाई आल्या नाहीत.

पुढचा आठवडा सामान बांधण्यात गेला. धाकटीचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. चादरींच्या ढिगापाशी गेली की दुसरं टोक धरायला कुणी नसायचं, आणि कानात तो गंजलेला आवाज यायचा. दोनदा तिनं नवऱ्याला फोन लावला. पाहुणी झोपलीय, असं त्यानं सांगितलं. दोन्ही वेळेला तेच.

मग एका सकाळी तो स्वतःच पडद्यावर दिसला. मागे पांढरी भिंत, डोळे सुजलेले, आवाज कापणारा. "ताई, दादा, तुम्हीच मला माझी बायको परत दिलीत. ती पुन्हा निघून गेली हो. आजारी आहे, तिला काही समजत नाही. कुणाला दिसली तर मला फोन करा. पोलिसांना नको, ती वर्दीला घाबरते. तिला फक्त धरून ठेवा, मी येतो."

उजेड बरोबर होता. थांबायचं कुठे, नजर उचलायची कधी, सगळं बरोबर होतं. हे तो कुणाकडून शिकला ते धाकटीला कळलं.

हजारोंनी तो व्हिडिओ पुढे पाठवला होता. आणि त्यात सगळ्यात वर तिच्याच संस्थेचं नाव होतं. थोरलीनं तो पेजवरून पाठवला होता: 'चला, आपल्या चादरीवालीला पुन्हा शोधूया.'

धाकटी त्या लाटेत काहीतरी हुडकत राहिली, आणि हुडकता हुडकता तिला लपवलेल्या प्रतिक्रियांची आठवण झाली. तिनं तो कप्पा उघडला. शिव्यांच्या रांगाच्या रांगा. त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं, फोटोच्या जागी शिलाई मशीन.

'मी त्यांची शेजारीण. हा तिला मारतो. कृपा करून पाठवू नका.'

त्याखाली, दुसऱ्या दिवशीचं: 'कुणी उत्तर देत नाही का? पोलीस ऐकत नाहीत म्हणून तुम्हाला लिहिते.'

आणि शेवटचं, मांजराच्या फोटोखालचं: 'हे माझं मांजर आहे. माझ्या भिंतीवर बसलंय. छकू त्यांची मुलगी. खोटं बोलतो तो.'

मारतो. पोलीस. खोटं. हे सगळे शब्द धाकटीनं स्वतःच्या हातानं टाकले होते.

तिनं पेजवरूनच शेजारणीला फोन लावला. पलीकडची बाई आधी रागानं बोलेनाच, मग बोलायला लागली ती थांबेना. मुलगी आधी दिसेनाशी झाली. आत्याकडे ठेवलीय, असं तो सांगायचा. मग आई तिला शोधायला घराबाहेर पडली ती परतलीच नाही. "मी ठाण्यात गेले होते. घरचा मामला आहे म्हणाले. मग एक दिवस तुमच्या व्हिडिओत ती दिसली, चादरी घडी घालताना, आणि मला वाटलं, सुटली बाई एकदाची." ती थोडी थांबली. "तुम्ही परत आणून सोडलीत. रोज घराभर छकू, छकू करत फिरत होती. भिंतीपलीकडून ऐकलं मी. आणि काल रात्री मागच्या अंगणात काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि ही किंचाळत रस्त्यावर. तिथून ती पळालीय."

 धाकटी फोन ठेवते तोच नवऱ्याच्या व्हिडिओखाली नवीन ओळ दिसली: 'आत्ताच पाहिली, हमरस्त्यावरच्या बसथांब्यावर बसलीय. आम्ही लक्ष ठेवून आहोत.' खाली कौतुकाचा वर्षाव.

संस्थेची गाडी चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. मामा सामान चढवत होते. धाकटीनं ते सगळं खाली उतरवायला लावलं. वाटेत डॉक्टरबाईंना घेतलं. धाकटीनं त्यांना माइकचा आवाज ऐकवला. 'मी आधीच सांगितलं होतं' असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.  त्या फक्त म्हणाल्या, "मामा, अजून जोरात."

बसथांब्यावर पाहुणी नव्हती. चहाटपरीवाला मात्र खुशीत होता. "उशीर केलात! आत्ताच नेलं की. चांगला माणूस, नुसता रडत होता. आम्हीच फोन केला त्याला." त्यानं फोन पुढे केला. "बघा, मी काढलाय. किती जणांनी पाहिला अर्ध्या तासात!"

धाकटीनं पाहिलं. बाकडं, भोवती माणसं, सगळे हसतमुख. पाहुणीनं बाकड्याची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी पकडली होती. नवरा तिच्यापुढे गुडघे टेकून बसला होता आणि तिची बोटं एकेक करून सोडवत होता, अगदी हलक्या हातानं. ती भोवतालच्या माणसांकडे बघत होती, एकेकाच्या तोंडाकडे. कुणीतरी म्हणालं, "जा गं, जा, घरी जा." आणि खाली पियानो. टपरीवाल्यानं तोच पियानो लावला होता.

"बिचारीला काही समजतच नव्हतं," तो म्हणाला. "बाकडं सोडेना."

डॉक्टरबाई तिथूनच ठाण्यावर गेल्या. धाकटी गाडीत बसली आणि थोरलीला फोन लावला. सगळं सांगितलं. 

"आता हे लोकांना सांगितलं," थोरली शेवटी म्हणाली, "तर आपण संपलो."

"ताई, त्याची गाडी कुठे चाललीय ते आपल्याला माहीत नाही. लोकांना माहीत असेल."

"थांब जरा. मला विचार करू दे."

"मी विचारत नाहीये," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं पियानो नसलेला व्हिडिओ पेजवर टाकला. 'छकू कुठंय?' 'घरी. हसत चल.' त्याखाली शेजारणीच्या तिन्ही प्रतिक्रिया, जशाच्या तशा. आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य: 'या आम्ही लपवल्या होत्या.'

त्या दिवशी तिनं गर्दीचं खरं बळ पाहिलं. पुन्हा तीच माणसं, तोच उत्साह. तासाभरात गाडीचा नंबर निघाला. दुपार उतरायच्या आत एका पेट्रोलपंपावर ती गाडी अडवली गेली. पोलीस पोचले तेव्हा काचा फुटल्या होत्या, नवऱ्याचं तोंड ओळखू येत नव्हतं, आणि माणसं गाडी हलवत होती, आत पाहुणी असतानाच. एका शिपायानं तिला खिडकीतून ओढून काढलं. तिच्या हातात काच घुसली होती. एकजण म्हणाला, "ताई, घाबरू नका, आम्ही आहोत," आणि तिच्यासोबत स्वतःचा फोटो काढून घेतला.

ठाण्यात धाकटी तिच्यासमोर बसली. पाहुणीनं तिला ओळखलं. हाताला पट्टी बांधत होते तिकडे तिचं लक्षच नव्हतं. तिनं विचारलं, "छकू कुठंय?"

हा प्रश्न तिनं नवऱ्याला विचारला होता तेव्हा तो 'हसत चल' म्हणाला होता. 

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी नवऱ्याच्या घरामागचं अंगण खणायला घेतलं. पाहुणीला तिथे नेऊ नका, असं सगळ्यांनी सांगितलं, पण ती ठाण्याच्या दारातून हलेना. शेवटी तिला शेजारणीच्या खोलीत बसवलं. शेजारीण तिच्याजवळ, हात हातात धरून. धाकटी त्या अंगणाकडच्या खिडकीपुढे उभी राहिली, पाठ काचेला लावून, म्हणजे आतून बाहेरचं दिसायला नको.

थोरली आली तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक भिंतीवर चढले होते, गच्च्यांवर होते, झाडावर होते. तिला ओळखून कुणीतरी फोन पुढे केला. "ताई, दोन शब्द बोला ना. आपल्या लोकांसाठी." थोरलीनं तळहात त्याच्या फोनवर ठेवला आणि तसाच धरून उभी राहिली, तो माणूस हात मागे घेईपर्यंत. मग आत आली आणि धाकटीच्या शेजारी, खिडकीलाच पाठ लावून उभी राहिली.  मागून कुदळींचा आवाज येत होता, एका लयीत.

पाहुणी नाकातून तो सूर धरून बसली होती.

दुपारी कुदळी थांबल्या. कुणीतरी दबक्या आवाजात हाक मारली, "साहेब, इकडे या." बाहेरची एवढी मोठी गर्दी एकदम चिडीचूप झाली. धाकटीनं मागे वळून पाहिलं नाही. पण समोरच्या आरशाच्या कपाटात तिला ती भिंत दिसत होती, आणि भिंतीवरचे हात. सगळे हात एकाच वेळी वर गेले, आणि प्रत्येकात एक फोन होता.